सात नंबरच्या खोलीतला आठ

मी भिंतीत बसवलेला एक जुना डबा आहे, मित्रांनो. एवढं मात्र मला नक्की ठाऊक आहे. माझ्याबद्दलच्या बाकीच्या गोष्टी मला फार उशिरा कळल्या, आणि काही अजूनही नीटशा कळलेल्या नाहीत. तेव्हा सांगताना कुठे माझा गोंधळ उडाला तर सांभाळून घ्या.

लोक मला वायफायचा पॉइंट म्हणतात. कागदोपत्री मी ॲक्सेस पॉइंट. काही जण राउटर म्हणतात, पण तो मी नव्हे. तो खाली जिन्याखालच्या खोलीत पंख्याच्या वाऱ्यात बसलेला असतो. मी विजेच्या बटणांच्या बोर्डाएवढा, पांढरा आणि चपटा. अर्धं अंग भिंतीत, अर्धं बाहेर. माझ्या पाठीत एक केबल येते आणि तिच्या पोटात आठ रंगीत तारा असतात. त्याच केबलमधून मला वीज मिळते आणि त्याच केबलमधून लोकांचे निरोपही येतात. ते मी हवेत सोडतो आणि हवेतले पकडून केबलमध्ये घालतो. हे काम ऐकायला सोपं वाटतं. मलाही वाटलं होतं.

कारखान्यात माझ्यासारखी शेकडो भावंडं एकाच पट्ट्यावरून निघाली. आम्हाला नावं नव्हती, फक्त एकेक लांबलचक नंबर होता. तो नंबर छापलेलं एक स्टिकर माझ्या पाठीवर चिकटवलं आणि तस्संच दुसरं माझ्या खोक्याच्या झाकणावर लावलं. एकाच नंबराची दोन स्टिकरं कशाला, हे कोडं मला पहिल्या दिवसापासून पडलं होतं. खोक्यात अंधार होता आणि विचारायला कुणी नव्हतं.

मग एका सकाळी खोकं उघडलं. ती एक दुमजली इमारत होती. मोठ्या आजारातून उठलेली माणसं घरी जाण्याआधी तिथे काही महिने राहायची, हातपाय हलवायला, चालायला, बोलायला पुन्हा शिकायची. मला बसवायला दोघे जण आले होते. एक दाजी, आणि दुसरे त्यांचे मेहुणे. म्हणजे दाजींच्या बायकोचे धाकटे भाऊ. धाकटे म्हणजे चाळिशी गाठलेले, नाकावर चष्मा असलेले. भिंतीचं काम दाजींकडे आणि कॉम्प्युटरचं मेहुण्यांकडे, अशी त्यांची वाटणी होती.

यापुढचं मला खूप नंतर कळलं, पण तुम्हाला आधीच सांगतो. नाहीतर तुम्हीही माझ्यासारखे बुचकळ्यात पडाल.

दाजींची एक पद्धत होती. ते प्रत्येक खोक्यावरचं स्टिकर सोलून काढायचे आणि इमारतीच्या नकाशावर त्या त्या खोलीच्या चौकोनात चिकटवायचे. मग ते खोकं त्याच खोलीच्या दाराशी नेऊन ठेवायचे. मेहुणे तो नकाशा बघून कॉम्प्युटरमध्ये नावं भरायचे : हा नंबर म्हणजे खोली पाच, हा नंबर म्हणजे खोली सहा. पद्धत चांगली होती. फक्त त्या दिवशी सातच्या आणि आठच्या दाराशी खोकी ठेवून दाजी जेवायला गेले असताना सफाईच्या मावशींनी फरशी पुसायला घेतली. खोकी भिजू नयेत म्हणून त्यांनी दोन्ही उचलून जिन्यावर ठेवली आणि फरशी वाळल्यावर जागच्या जागी आणून ठेवली. निदान त्यांना तसं वाटलं. आठसाठी नेमलेला मी सातच्या दाराशी आलो आणि सातचा भाऊ आठच्या दाराशी गेला. मावशींचा यात काडीचाही दोष नाही. त्यांनी आम्हाला ओलं होऊ दिलं नाही.

दाजींनी परत आल्यावर भिंतीतल्या डब्यातून केबल ओढून घेतली, टोक कापलं, आठ तारा रंगाने लावून घेतल्या आणि दोन स्क्रूंवर मला खटकन बसवलं. पाठीवरचा नंबर त्यांनी पाहिला नाही. एकदा ठेवलं की ठेवलं, असं त्यांचं असायचं.

पण मेहुण्यांना मात्र कळलं होतं. सगळं झाल्यावर ते मोबाईल हातात धरून खोलीखोलीतून फिरले. सातमध्ये माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. मोबाईल सांगत होता की तुम्ही आठच्या पॉइंटपाशी आहात. ते दाराकडे गेले, दारावरचा आकडा पाहिला, परत आले. तोंड उघडलं आणि मिटलं.

कारण त्याच सकाळी जिन्याजवळ बसवलेल्या एका भावाच्या मागची पट्टी तिरकी बसली आहे असं ते दाजींना म्हणाले होते. दाजी म्हणाले, सरळ आहे. मेहुण्यांनी सरळपणा मोजायची लेव्हल लावून दाखवली, तर तिच्यातला बुडबुडा मेहुण्यांच्या बाजूने बोलला. तेव्हापासून दाजी त्यांच्याशी एक अक्षर बोलले नव्हते. आता एकाच दिवशी दुसरी चूक दाखवायची म्हणजे घरी ताईची बोलणी ठरलेली. 'माझ्या नवऱ्याला चारचौघांत खाली बघायला लावतोस,' हे ताईचं वाक्य त्यांना पाठ होतं. वायफाय तर दोन्ही खोल्यांत छान लागत होतं. नुसती नावं काय, पुन्हा आलो की बदलू, असं म्हणून मेहुण्यांनी मूग गिळले.

तर अशा रीतीने माझं नाव आठ पडलं. मी भिंतीत असल्यामुळे मला दाराबाहेरचा आकडा दिसत नाही. केबलमधून हाक यायची ती आठ म्हणून, तर मीही स्वतःला आठ समजू लागलो. पण खोलीत येणारी माणसं तर म्हणायची, 'सातची चादर बदलली का?' 'सातला औषध दिलं का?' मला वाटायचं, ही कुणाबद्दल बोलतायत?

त्या खोलीत लिफ्टवाले काका राहायला आले. जन्मभर त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. एका सकाळी मेंदूत रक्ताची गाठ झाली आणि त्यांचा उजवा हात गळाला. त्याबरोबर बोलणंही गेलं. शब्द त्यांच्या डोक्यात होते, पण तोंडापर्यंत पोचत नव्हते. लिहायला जावं तर तेही जमत नव्हतं. त्यांची बायको, म्हणजे काकू, रोज सकाळी यायच्या आणि संध्याकाळी जायच्या. येणाऱ्याजाणाऱ्या नर्सला त्या कौतुकाने सांगायच्या, 'लिफ्टमध्ये कुणी अडकलं ना, की हे आधी हत्यारं काढायचे नाहीत. दाराच्या फटीला तोंड लावून म्हणायचे, घाबरू नका, मी इथेच आहे. आतली माणसं रडायची थांबायची बघा.' तेव्हा काका खिडकीकडे बघत बसायचे.

रोज दुपारी चारला काकांचा धडा असायचा. टॅबच्या पडद्यावर एक बाई यायच्या. त्या दुसऱ्या गावाहून शिकवायच्या. 'पाणी' म्हणा. 'दार' म्हणा. काकांचे ओठ हलायचे, मान ताठ व्हायची, कपाळावर घाम यायचा. पा... पा... आणि नेमका तो शब्द ओठांवर येतोय असं वाटत असताना मला केबलमधून हुकूम यायचा. आठ, बंद हो. पुन्हा चालू हो.

हुकूम आला की माझं काही चालत नाही. माझा दिवा विझायचा. जागा होऊन सगळं आठवायला मला चारपाच मिनिटं लागतात. तोवर पडद्यावरच्या बाई तोंड अर्धवट उघडं ठेवून थिजलेल्या असायच्या. मी घाईघाईने त्यांना परत आणेपर्यंत काकांनी मान फिरवलेली असायची.

एक दिवस नाही, दोन दिवस नाही. रोजच्या रोज. मी रात्रंदिवस विचार करायचो, माझं काय चुकलं? निरोप सांडला का? मला राग नव्हता हो, नुसता गोंधळ होता. शिक्षा मिळत होती आणि गुन्हा सापडत नव्हता.

गुन्हा भिंतीपलीकडे होता. आठ नंबरच्या खोलीत एक आजी होत्या. त्या रोज चारला टॅबवर आपल्या भावाशी बुद्धिबळ खेळायच्या. त्यांच्या खोलीतला माझा भाऊ लोखंडी कपाटाच्या आड गेला होता, त्यामुळे त्यांचा टॅब भिंतीतून माझाच हात धरायचा. एवढ्या लांबून मला नीट ऐकू यायचं नाही आणि मोहरे मध्येच अडकायचे. मग आजी काठी आपटत ऑफिसात जायच्या. 'माझा घोडा उचललाय, पण खाली ठेवता येत नाहीये. आठचं वायफाय बघा आधी.' ऑफिसातल्या ताई कॉम्प्युटरवर आठ शोधायच्या आणि बटण दाबायच्या. मी मरायचो. माझा हात सुटला की आजींचा टॅब नाइलाजाने कपाटाआडच्या भावाला धरायचा आणि त्यांचा खेळ तासभर मजेत चालायचा. मग ताईंना तरी शंका का यावी? बटण दाबलं की आठची तक्रार मिटते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

काकूही ऑफिसात गेल्या. ताईंनी कॉम्प्युटरवर सात उघडला. सात एकदाही बंद पडला नव्हता. 'काकू, तुमच्या खोलीतला पॉइंट ठणठणीत आहे. तुमचा टॅबच जुना झालाय.' काकूंनी लेकीचा नवा टॅब आणला. तोही थिजला. काकू मग टॅबला नाही, स्वतःलाच दोष देऊ लागल्या. 'मलाच हे चालवता येत नाही,' असं त्या काकांना रोज सांगायच्या, आणि ते ऐकून मला भिंतीत शिरावंसं वाटायचं. अर्धा तर होतोच.

एका माणसाला मात्र सगळं कळलं होतं, आणि त्यालाच सांगता येत नव्हतं. काकांनी जन्मभर भिंतीआडच्या यंत्रांशी संसार केलेला. त्यांच्या तिसऱ्या दिवशीच लक्षात आलं की आधी माझा दिवा जातो आणि मग बाई थिजतात. टॅब बिघडलेला नाही. भिंतीतल्या डब्याला कुणीतरी मुद्दाम बंद करतंय. ते डाव्या हाताने माझ्याकडे बोट दाखवायचे. काकू म्हणायच्या, 'पंखा लावू? पडदा ओढू? अच्छा, डाग पडलाय होय,' आणि ओल्या फडक्याने मला घासून काढायच्या. काका डोळे मिटून घ्यायचे. आम्ही दोघे एकमेकांकडे बघत बसायचो, एक मुका आणि दुसरा गोंधळलेला.

मग एका दुपारी बाईंनी पडद्यावरून काकूंना स्पष्टच सांगितलं. 'दोन महिने झाले. एकही धडा पुरता झालेला नाही आणि यांचा एकही शब्द सुटलेला नाही. पहिले काही महिनेच महत्त्वाचे असतात. माझ्याकडे रांग आहे. या शुक्रवारपर्यंत धडे सुरळीत झाले नाहीत तर चारची वेळ मला दुसऱ्या पेशंटला द्यावी लागेल. वाईट वाटून घेऊ नका.' काकू 'नाही नाही' म्हणाल्या आणि काका बाथरूममध्ये गेल्यावर त्यांच्या उशीची खोळ काढून त्यात तोंड लपवून रडल्या.

शुक्रवार आला. योगायोगाने आजींनीही ऑफिसात शेवटचं भांडण करून टाकलं होतं, म्हणून ताईंनी दाजींना आणि मेहुण्यांना बोलावून घेतलं होतं. साडेतीन वाजले होते. मेहुणे व्हरांड्यात घडीच्या टेबलावर कॉम्प्युटर उघडून बसले. दाजी आठमध्ये शिरले आणि कपाट सरकवलं.

माझ्यात एक सोय आहे, मित्रांनो. कॉम्प्युटरवरून 'कुठे आहेस ते दाखव' असा हुकूम दिला की माझा निळा दिवा लुकलुकू लागतो. इतक्या दिवसांत नावांची ती अदलाबदल मेहुणे पार विसरून गेले होते. त्यांनी आठला हुकूम दिला. मी लगेच लुकलुकायला लागलो.

'दाजी, लुकलुकतंय का?'

'कसलं लुकलुकतंय. हा तर ढिम्म आहे.'

'पुन्हा देतो. आता?'

'नाही रे बाबा. गेलाय हा. काढून टाक याला यादीतून. नवा आणलाय तो बसवू.'

मी जिवाच्या आकांताने लुकलुकत होतो. यादीतून काढणं म्हणजे काय ते आम्हाला कारखान्यातच सांगितलेलं असतं. सगळं पुसलं जातं. नाव, वायफाय, जोडलेली माणसं, सगळं. चारला बाई आल्या असत्या आणि त्यांना पोचवायला मी नसतो. तो धडा शेवटचा होता.

काकू बाईंना देण्याच्या कागदांच्या झेरॉक्स काढायला खाली गेल्या होत्या. खोलीत काका एकटेच होते. ते माझ्याकडे बघत होते, मग उघड्या दाराकडे, मग पुन्हा माझ्याकडे. व्हरांड्यातलं सगळं त्यांना ऐकू येत होतं. अडकलेली लिफ्ट हे चुकीच्या मजल्यावर शोधतायत, हे लिफ्टवाल्याला वेगळं सांगायला हवं होतं का? त्यांनी डाव्या हाताने खुर्चीचा दांडा घट्ट धरला. ओठ ताणले गेले.

'इ...'

'काढू का मग, दाजी?' मेहुण्यांनी विचारलं.

'इ... इ...'

'थांब जरा,' दाजी म्हणाले. ते आठमधून बाहेर आले आणि सातच्या दारात उभे राहिले. खुर्चीत एक माणूस घामाने डबडबलेला, मान ताठ, आवाज घशात अडकलेला. दाजींना उतावीळ म्हणून सगळे ओळखत. पण त्या दिवशी ते दारात नुसते उभे राहिले. घाई केली नाही, शब्द सुचवला नाही, नर्सला हाक मारली नाही. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. मी लुकलुक मोजत होतो आणि मोजता मोजता चुकलो.

'इथे,' काका म्हणाले.

मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं आणि पुन्हा म्हणाले, या वेळी दार हलेल एवढ्या मोठ्याने. 'इथे.'

दाजींनी मला पाहिलं. दारावरचा आकडा पाहिला. मला स्क्रूंवरून सोडवून माझ्या पाठीवरचा नंबर वाचला आणि खिशातून तो जुना नकाशा काढला. मेहुणे दारात येऊन उभे होते. त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला.

'दाजी, आत्ता आठवलं. हे मला त्याच दिवशी कळलं होतं.'

'मग बोलला का नाहीस?'

'त्या दिवशी तुम्ही माझ्याशी बोलत नव्हतात.'

दाजींनी नकाशाची घडी घातली. 'हा माणूस बोलला बघ,' ते म्हणाले. 'आपल्याला काय झालं होतं?'

मला पुन्हा बसवायला त्यांना दोन मिनिटं लागली. मेहुण्यांनी नावांची अदलाबदल केली. या वेळी दाजींनी स्वतः लेव्हल मागून घेतली. चारला तीन मिनिटं कमी असताना काकू झेरॉक्स घेऊन आल्या तर खोलीत गर्दी. दाजी, मेहुणे, ताई, आणि काठी टेकत आलेल्या आजीसुद्धा. काकू घाबरल्या. 'काय झालं? हे कुठे आहेत?' त्यांनी विचारलं, कारण गर्दीत काका त्यांना दिसलेच नाहीत.

'मी...' खुर्चीतून आवाज आला. सगळे बाजूला झाले. 'मी... इथे... आहे.'

काकूंच्या हातातले कागद खाली पडले. ते कुणीच उचलले नाहीत. पडद्यावर बाई आल्या, त्यांना खोलीत सगळे रडताना दिसले आणि त्याही गोंधळल्या. अर्ध्या तासाचा धडा त्या दिवशी पाऊण तास चालला. मी एकदाही थिजलो नाही.

चारची वेळ काकांकडेच राहिली. पाच महिन्यांनी ते काठी घेऊन, स्वतःच्या पायांनी घरी गेले. जाताना माझ्यापाशी थांबले, डाव्या हाताची बोटं माझ्यावर ठेवली आणि बराच वेळ शब्द शोधून म्हणाले, 'तू सात.' कॉम्प्युटरने नाव कधीच बदललं होतं, पण मला ते तेव्हा पटलं.

त्यानंतर पुष्कळ वर्षं गेली. खोलीत माणसं आली आणि गेली. एकदा रंगाऱ्याने मला भिंतीसकट पिवळा करून टाकला, आणि एका पाहुण्याने माझ्यावर टोपी अडकवायचा प्रयत्न केला. आता माझ्यापेक्षा वेगवान भाऊ येणार आहेत, असं कानावर आलंय. येऊ देत. गोंधळ मात्र अजून पुरता गेलेला नाही. व्हरांड्यात कुणी 'आठ' म्हणालं की आजही माझा दिवा दचकतो.

तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे, मित्रांनो. एखादा डबा असो की एखादं माणूस, चालत नाही म्हणून त्याला दुरून बंद करून टाकण्याआधी एकदा त्याच्या खोलीशी या. दारात उभे राहा आणि विचारा, तू कुठे आहेस? आणि मग थोडं थांबा. काहींना उत्तर द्यायला वेळ लागतो.